हॅण्डलवरची पिशवी

बालमित्रांनो, सुट्टी लागली की सायकलीला पाय फुटतात! आपल्या पुसेगावातून कुणी संत नामदेवांच्या नर्सीला जायचा बेत करतो, कुणी मोठ्या दादाबरोबर थेट औंढा नागनाथाला. मग प्रश्न येतो, खाऊ, पैसे, रुमाल ठेवायचे कुठे? आपलं उत्तर तयार असतं : हातपिशवी घ्यायची, हॅण्डलला अडकवायची, की निघाले!

पण थांबा. ही लोंबती पिशवी झोके घेते. वळताना ती पुढच्या चाकाच्या तारांत शिरली, तर चाक जागीच अडतं. वेग मात्र थांबत नाही. सायकलस्वार हॅण्डलवरून पुढे फेकला जातो. म्हणून पिशवी हवी ती हॅण्डलला घट्ट बसणारी.

केवढी हवी? चला, गणित करू. २५ सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि १५ उंच. गुणाकार ५६२५ घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपाच लिटर. एका दिवसाच्या सहलीला भरपूर झाली. मोठी पिशवी घेतली की ती भरायचा मोह होतो, आणि तिथंच घात होतो. हॅण्डलवरचं ओझं हॅण्डलबरोबरच फिरतं. ते जड असलं की हॅण्डल हिसके देतं, खड्डा चुकवताना हात वळत नाही. म्हणून भरलेली पिशवी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा. दीड-दोन किलोच्या आत हवी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरू नका! पाण्याची बाटली, पंप, पाने मागच्या कॅरिअरला बांधा. पुढे फक्त खाऊ, रुमाल, पट्टी-मलम, पैसे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

आता परीक्षा घ्या. सायकल उभी करून हॅण्डल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. पिशवी कुठे घासते का? ब्रेक पूर्ण दाबला जातो का? घंटी वाजते का? दिवा झाकला तर नाही ना? पिशवी आणि चाक यांत चार बोटं अंतर राहतं का? एकाही प्रश्नाला चुकीचं उत्तर आलं, तर पिशवी नापास!

दोन पट्टे हॅण्डलला आणि तिसरा खालच्या उभ्या नळीला हवा. तिसरा नसेल तर पिशवी उड्या मारते. पट्ट्याखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की तो सरकत नाही. आणि पावसाळ्यात आतून प्लॅस्टिकची पिशवी घालाच. कापड कितीही चांगलं असलं, तरी शिवणीच्या भोकांतून पाणी शिरतंच.

पालकांनो, यासाठी महागडी पिशवी आणायलाच हवी असं नाही. जुन्या जीनच्या पँटची पिशवी गावातला शिंपीही शिवून देईल. माप मात्र मुलांनाच घेऊ द्या.

मुलांनो, १९२३ साली मुंबईहून सहा तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले होते. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. सोबत काय घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं, हा हिशेब त्यांनाही करावाच लागला असेल, नाही का?

तुम्ही आधी नर्सीचा हिशेब करा. काय काय घरी ठेवलंत, ते आम्हाला जरूर कळवा!