मालिकेचे चाहते, मद्याचा पेला

पुण्यात २००९ साली 'डूलॅली'ने ताज्या बिअरचे मद्यगृह थाटले. पुढे महानगरांतील अशा मद्यगृहांत 'फ्रेण्ड्स'सारख्या परदेशी मालिकांवर चाहत्यांच्या प्रश्नमंजुषा रंगू लागल्या. मालिका आवडण्यास आमची हरकत नाही. १९८७-८८ मध्ये 'रामायण' लागले की रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. एका दूरदर्शन संचापुढे सारी आळी जमे, कोणी संचाला हारही घाली. तेथे पेला लागत नव्हता! मग आजच्या तरुणाला समानरुचीचे चार मित्र भेटण्यासाठी मद्यविक्रेत्याचेच दार का गाठावे लागते? उत्तर आपल्यालाच झोंबणारे आहे. परभणी जिल्ह्यातील चारठाण्यास प्राचीन मंदिरे आहेत, नक्षीदार स्तंभ आहे. अशा किती प्रांगणांत आपण सायंकाळी तरुणांसाठी सतरंजी अंथरतो?