क्रमांक नेता येतो, वही नेता येत नाही!

मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभरातील ग्राहकांना २० जानेवारी २०११ पासून मिळाली. मात्र वर्षानुवर्षे साठवलेले पत्ते, दूरध्वनी आणि भेटींच्या नोंदी एका प्रणालीतून दुसरीत सुखरूप नेण्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. अकोल्याचा कापूस व्यापारी असो वा अमरावतीचा वकील, त्याचा व्यवसाय या नोंदींवरच चालतो.

मानकांचा अभाव हे याचे कारण नव्हे. संपर्कांसाठी ‘व्हीकार्ड’ आणि दिनदर्शिकेसाठी ‘आयकॅलेंडर’ ही इंटरनेट मानके १९९८ मध्येच प्रसिद्ध झाली. पण प्रत्येक प्रणाली त्यांचा अर्थ आपापल्या सोयीने लावते. लिपीच्या सांकेतिक पद्धतीत गल्लत झाली, की देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. ग्रीनिच वेळेशी असलेला साडेपाच तासांचा फरक हिशेबात धरला नाही, तर सकाळी ११ ची सुनावणी पहाटे साडेपाचला दिसते.

ग्राहक अडकून राहण्यातच कंपन्यांचा लाभ असल्याने ही दुरुस्ती केवळ त्यांच्यावर सोपवता येणार नाही. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकांना दिला. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र त्याला स्थान मिळाले नाही. संसदेने ही उणीव दूर करायला हवी. तोवर नोंदींची स्वतंत्र प्रत काढून, ती नव्या प्रणालीत नीट उघडते याची खात्री झाल्यावरच जुनी प्रणाली सोडणे शहाणपणाचे ठरेल.