मण्यार आणि मांत्रिक
कुणाच्या श्रद्धेला कशाला हात लावायचा, हा सवाल ज्यांना सभ्यपणाचा वाटतो त्यांनी मण्यार चावलेला माणूस एकदा पाहावा. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखणं जवळपास नाही, सूज नाही, दातांची खूण शोधावी लागते. मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, श्वास तोकडा पडतो. प्रतिविष आणि व्हेंटिलेटरचे ते मोलाचे तास जातात देवळाच्या ओट्यावर, कडुलिंबाच्या पाल्याने झाडण्यात. मांत्रिकाचं नाव का होतं हेही उघड आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण-दिवड चावलेला माणूस काही न करताही उठून घरी जातो, नारळ मात्र भगताला मिळतो. हे गावात उभं राहून सांगितल्यानं विठोबाचं काय बिघडतं? साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून गंडेदोरे करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे. हा कायदा अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं मागत होते. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे वटहुकूम निघाला. बोलायला हवंच, आणि मोठ्यानं. फक्त रुग्णाच्या बापाला अडाणी म्हणून सुरुवात करू नये (आपल्यातल्या काहींना तेवढंच जमतं). रात्री दोन वाजता जीप मिळत नाही, तालुक्याला इंजेक्शन असेल की नाही ठाऊक नाही, आणि भगत शेजारच्या आळीत राहतो.