नशिबाच्या नावाने किती दिवस हात झटकणार?

बाळ दूध ओढता ओढता दमते, कपाळाला घाम सुटतो, अंग धरत नाही. घरात लगेच पंचनामा होतो: सुनेने ग्रहणात विळी हाती घेतली असणार! मग दृष्ट काढा, अंगारा लावा, नवस बोला. यात महिने जातात. हृदयातल्या मोठ्या छिद्रामुळे फुप्फुसांतला रक्तदाब मात्र वाढत राहतो, आणि एक दिवस डॉक्टर सांगतात, शस्त्रक्रियेची वेळ टळली.

हजारांत आठ-नऊ बाळे हृदयदोष घेऊन जन्मतात, श्रीमंत देशांतही. तिथे त्यांतली बहुतेक वाचतात. मग आमची दगावतात ती कुणाच्या पापाने?

त्यातून ती मुलगी असली तर विचारायलाच नको. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची ती वर्षभरात झाली. मुलींपैकी अवघ्या ४४ टक्क्यांची. ‘छातीवर व्रण राहिला तर लग्न कसं जमेल?’ म्हणे! आधी जगू तर द्या तिला.

पैसा नाही, ही सबब सांगू नका. कळसाला सोने चढवताना तो बरोबर निघतो. दानशूरांना यंत्र द्यायला आवडते, कारण त्यावर नावाची पाटी लागते. शस्त्रक्रियेनंतर रात्रभर बाळाच्या उशाशी जागणाऱ्या परिचारिकेच्या पगारावर पाटी कुठे लावणार? पण सेवा उभी राहते ती तिच्यामुळे. शल्यविशारद, बालभूलतज्ज्ञ, हार्ट-लंग मशीन सांभाळणारा तंत्रज्ञ आणि ती, ही माणसे वर्षानुवर्षे एकत्र टिकली, तरच मुले वाचतात.

हे गरिबांना जमत नाही, असेही नाही. सुदानमध्ये खार्टूमच्या सलाम केंद्राने २००७ पासून हृदयशस्त्रक्रिया मोफत केल्या. केरळने २०१७ साली ‘हृद्यम’ योजना आणली: बाळाची नोंद करायची, निकड पाहून रुग्णालय ठरवायचे, खर्च सरकारने सोसायचा.

आपल्याकडेही २०१३ पासून अंगणवाड्या-शाळांतून मुलांची तपासणी होते. पण निदानाचा कागद हातात देऊन बापाला मुंबई-पुण्याच्या वाटेला लावणे म्हणजे सेवा नव्हे. मते मागायला दारी येणाऱ्याला रस्त्याइतकेच हेही विचारा: आपल्या जिल्हा रुग्णालयात बाळाला घरी सोडण्यापूर्वी हातापायाला ऑक्सिजनमापक लावतात का? दोष सापडलेल्या किती मुलांची शस्त्रक्रिया झाली? त्यांत मुली किती? उत्तर नसेल, तर मतही नाही.