दोन नावांची बाई



धाकटीचं शिक्षण मार्गी लागलं की मी पुन्हा कॉलेजात नाव घालणार, असं मागे एकदा याच पानावर लिहिलं होतं. तर घातलं! वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तीन वर्षांच्या एलएल.बी.ला. सीईटी दिली, गुणही बरे पडले आणि प्रवेशाच्या खिडकीपाशीच घोडं अडलं. खिडकीतल्या गृहस्थांनी एका हातात माझी बी.ए.ची पदवी धरली, दुसऱ्या हातात आधारकार्ड, आणि विचारलं, “बाई, या दोघी कोण?”

पदवीवर वैशाली. आधारवर मधुरा. लग्नात यजमानांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘मधुरा’ लिहिलं, सगळ्यांनी कौतुक केलं, पेढे वाटले. वैशालीचं पुढे काय करायचं हे कोणीच सांगितलं नाही. प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, राजपत्राची प्रत, अशा तीन खेपा झाल्या तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. त्या गृहस्थांना दोष देत नाही. पण संताप यायचा तो आलाच.

कायद्याच्या वर्गात घटनेच्या तासाला पहिल्या आठवड्यात आम्हाला एकच काम होतं. डाळ निवडतात तशी कलमं निवडायची. कुठे ‘व्यक्ती’ म्हटलंय आणि कुठे ‘नागरिक’, ते बघायचं. चौदावं कलम, म्हणजे कायद्यापुढे समानता, आणि एकविसावं, म्हणजे जीविताचं आणि स्वातंत्र्याचं संरक्षण, ही कोणत्याही व्यक्तीसाठी आहेत. पण भाषणस्वातंत्र्य, देशात कुठेही राहण्याचा हक्क, सरकारी नोकरीत समान संधी, हे सगळं फक्त नागरिकांना. मग नागरिक कोण? ते पाच ते अकरा या कलमांत आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात. माझ्या शेजारच्या बाकावरची बावीस वर्षांची मुलगी म्हणाली, “काकू, हे काय पाठ करायचं? आपण आहोतच की नागरिक.” मलाही तसंच वाटत होतं.

मग पहिल्या निवडणुकीचा विषय निघाला. १९३५ च्या कायद्यानुसार ज्या थोड्या बायकांना मत मिळालं, त्यातल्या कित्येकींना ते नवऱ्याच्या मालमत्तेच्या किंवा त्याच्या लष्करी नोकरीच्या जोरावर मिळालं होतं. घटनेने ते मोडीत काढलं. प्रत्येक प्रौढ बाईला तिचं स्वतःचं मत. यादी करणारे लोक दारोदार गेले आणि बायका स्वतःचं नाव सांगेनात! ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की अशी नोंद चालणार नाही, नाव हवं. मुदत वाढवूनही सुमारे २८ लाख बायकांची नावं १९५१-५२ च्या यादीतून गळली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या.

संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाईंना हे सांगितलं. मला वाटलं, हळहळतील. त्या म्हणाल्या, “त्यात नवल काय गं? माझ्या आईला सगळा गाव अण्णाची आई म्हणायचा. तिचं नाव मला कळलं ते तिच्या दहाव्याला, भटजींनी विचारलं तेव्हा.” आणि पुन्हा मेथीला लागल्या.

असो. तुम्ही म्हणाल, नाव नसलं तर एक मत गेलं, आणखी काय? तर ऐका. घटना लागू झाली त्या सुमाराचीच एक गोष्ट आम्हाला अभ्यासाला आहे, बिहार राज्य विरुद्ध कुमार अमरसिंह, निकाल १९५५ चा. यातली बाई जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली आणि डिसेंबरात तात्पुरत्या परवान्यावर परत आली. नवरा इथेच होता. बायकोचं कायम ठिकाण ते नवऱ्याचं, तेव्हा ती भारतीयच, असं तिच्या बाजूने मांडलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्याला सातवं कलम लागू, मग ती कोणाचीही बायको असो. नवऱ्याच्या सावलीने तिचं नागरिकत्व वाचलं नाही. वर्गात यावर बराच वाद झाला आणि मला अजूनही तो निकाल कठोर वाटतो. पण परदेशी जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत हाच कायदा १९९२ पर्यंत वडिलांचं नागरिकत्व तेवढं बघत होता, आईचं नाही! त्या वर्षीच्या दुरुस्तीने ‘आई किंवा वडील’ असं झालं. म्हणजे तोटा व्हायचा तिथे बाई एकटी, आणि मुलाला काही द्यायचं म्हटलं की ती हिशेबातच नाही.

आणि अलीकडचं म्हणजे आसाम. तिथे नागरिकांची नोंदवही करताना प्रत्येकाला आपलं पूर्वजांशी नातं दाखवायचं होतं. शाळा न पाहिलेल्या, लहान वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांकडे सगळे कागद नवऱ्याच्या घरचे. मी अमक्याची मुलगी, हे सांगायला ग्रामपंचायतीच्या दाखल्याशिवाय काही नाही. असे सुमारे ४८ लाख दाखले होते. उच्च न्यायालयाने २०१७ च्या सुरुवातीला ते अमान्य केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, नीट पडताळणी करून, दुव्यापुरते ते घ्यायला परवानगी दिली. मधले महिने त्या बायकांनी कसे काढले असतील! २०१९ च्या अंतिम यादीत १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली.

हे वाचलं त्या रात्री मी कपाटातली कागदांची पिशवी पलंगावर ओतली. तुम्हीही एकदा ओताच.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे आधी लेकींच्या कानावर घाला. बदललं असेल तर दोन नावं जोडणारा कागद हवा, म्हणजे लग्न नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली प्रसिद्धी. नोंदणी राहून गेली असली तरी उशिराने करता येते. राजपत्रासाठी शासनाच्या मुद्रण विभागाकडे ऑनलाइन अर्ज होतो. एजंटाला पैसे मोजायचं कारण नाही. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या माळ्यावर पडला असेल तर तो घेऊन या. भाऊबीजेला साडी नको, हा दाखला दे म्हणावं! घर बदललं असेल तर मतदार यादीसाठी आठ नंबरचा फॉर्म भरा. आणि आधारकार्ड म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, ते त्या कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिलेलं आहे.

माझं बघून सासूबाईंनीही विचारलं, “माझा काय पुरावा आहे गं?” वय चौऱ्याऐंशी, जन्माचा दाखला नाही. चौथीपर्यंत गावच्या शाळेत होत्या. शाळेच्या जुन्या रजिस्टरात नोंद सापडण्याचा संभव असतो, म्हणून आम्ही दोघींनी मिळून मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. खाली सही माहेरच्या नावाने करायची होती. त्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं, हळूहळू लिहिलं, आणि कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “बघ गं, वेलांटी बरोबर पडलीय का?”

शाळेचं उत्तर अजून यायचंय. आलं की कळवीनच. वारसनोंदीबद्दल ज्यांनी पत्रं पाठवली आहेत, त्यांना पुढच्या अंकात उत्तर देते.