मुलाखतीची कसोटी

पुणे-बंगळूर महामार्गावरील निपाणी ही तंबाखूची पेठ. एप्रिल १९८१ मध्ये याच महामार्गावर ठिय्या दिलेल्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने १२ बळी घेतले. त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली. आज निपाणीच्या शेतकऱ्यांची मुलेमुली या मार्गाच्या दोन्ही टोकांना संगणक-अभियंत्याच्या नोकरीसाठी मुलाखती देतात.

तेथे केवळ प्रोग्रॅम लिहून भागत नाही. हीच रीत का निवडली, माहिती दसपट वाढल्यास तिला किती वेळ लागेल, हे पायरीपायरीने बोलून दाखवावे लागते. नोकरीतही सहकाऱ्यांपुढे हेच करावे लागते. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि मुलाखतीत इंग्रजी अशा पेचात सापडलेला सीमाभागातील विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. मग त्याला इंग्रजी संभाषणाचे वर्ग सुचविले जातात. ते हवेतच, परंतु तर्क मांडण्याचीच सवय नसेल, तर नुसती भाषा काय तारणार? महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभे करून त्याचा तर्क आधी मायबोलीत, मग इंग्रजीत वदवून घ्यावा. कंपन्यांनीही उच्चारापेक्षा उकल पाहावी. बुद्धीची परीक्षा भाषेपाशीच संपली, तर उमेदवार नोकरीला मुकतो आणि कंपनी गुणी माणसाला.