सापाचे लाकडी घर आणि रायपूरचा उन्हाळा

घरात कुत्रा आणायचा म्हटले तरी आजी नाक मुरडतात. मग नातवाने साप पाळायचा हट्ट धरला तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी! पण हा छंद आता शहरांतून रुजू लागला आहे आणि सापासाठी लाकडी पेटी घरीच करता येते, हेही खरे.

सुताराला बोलावण्याआधी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. रायपूरच्या आसपास पावसाळ्यात डोमी, म्हणजे आपला नाग, किंवा असढिया, म्हणजे धामण, अंगणात सहज दिसतात. यांपैकी एखादा पकडून पेटीत ठेवला तर तो छंद नव्हे, गुन्हा होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या सापांना संरक्षण दिले आहे आणि धामण बिनविषारी आहे ही सबब तिथे चालत नाही. पाळले जातात ते परदेशी साप, मुख्यतः आफ्रिकेतला बॉल पायथन. त्याचीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे रीतसर नोंद करावी लागते. विक्रेता कागदपत्रे द्यायला काकू करत असेल तर सरळ घरी परतावे.

आता पेटी. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच जागा पुरते. पाण्यात न फुगणारे चांगले प्लायवूड घ्यावे. देवदार टाळावा, त्यातील तेल सापाला बाधते. आपल्याकडे वाळवीच्या भीतीने लाकडाला औषध मारून घेण्याची सवय आहे. इथे ती महागात पडेल, कारण बंद पेटीत तोच वास सापाने दिवसरात्र घ्यायचा असतो. आतून पॉलिशचे दोन-तीन हात द्यावेत, सांधे सिलिकॉनने भरावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी काही आठवडे उघडी ठेवावी. न भरलेल्या फटीत गोचिडीसारखे बारीक किडे घर करतात आणि मग साप व मालक दोघेही हैराण होतात. पुढे सरकत्या काचा बसवाव्यात व त्यांना कुलूप हवेच. जिथून सापाचे डोके जाते तिथून बाकीचा सापही जातो!

काच म्हटले की मराठी माणसाला पुण्याचे नीलिमकुमार खैरे आठवतात. १९८० मध्ये ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना पटवायचे होते. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. पण ते तीन दिवस होते. घरातला बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो. हट्ट करणारा मुलगा शिकायला परगावी जाईल आणि साप आईच्या गळ्यात पडेल, याचाही विचार आधीच झालेला बरा.

लाकडी पेटीचे परदेशी आराखडे थंड देशांसाठी असतात. लाकूड ऊब धरून ठेवते, हा तिथे गुण. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की तोच दोष ठरतो. सापाला स्वतःचे अंग थंड करता येत नाही. त्याला पेटीच्या एका टोकाला साधारण ३२ आणि दुसऱ्या टोकाला २६ अंश लागतात, म्हणजे तो हवे तिकडे सरकतो. म्हणून एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर अशी बारीक जाळीची भोके भरपूर ठेवावीत. गच्चीखालच्या खोलीत पेटी मुळीच नको. तळमजल्यावर, आतल्या भिंतीला, कूलरच्या खोलीत ती ठेवावी. कूलरमुळे लूच्या दिवसांत ओलावाही मिळतो, नाहीतर कात तुकड्यातुकड्याने निघते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र उबेचा दिवा आणि त्याला थर्मोस्टॅट लागेल. दिव्याभोवती जाळी घालावी, साप त्याला वेटोळे घालून भाजून घेतो.

पेटी तयार झाली की उन्हाळ्यातच रिकामी ठेवून पाहावी. दोन्ही टोकांना तापमापक लावून आठवडाभर दुपारी तीन वाजता आकडे लिहून काढावेत. थंड टोकालाही पारा ३२ च्या वर जात असेल तर पेटीची जागा बदलावी आणि पुन्हा आठवडाभर मोजावे. साप आणण्याची तारीख त्यानंतर ठरवावी.